क्षितिज सरळ कशावरून? एका बुडबुड्याचा इतिहास

१/ यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावच्या उत्तरेस, वर्धा नदीपलीकडे हिंगणघाट आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभकर्ता विल्यम लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी तेथेच निवर्तला. छायाचित्रणाचा शोध जगापुढे येण्यास तेव्हा सोळा वर्षे अवकाश होता. मात्र छायाचित्रकारांपुढे पुढे उभा राहिलेला प्रश्न त्याच्या रोजच्या कामातलाच होता: खरी आडवी रेषा कोणती?

२/ लॅम्ब्टनचा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. त्याच्या आडव्या चक्राचा व्यास ३६ इंच. कोन मोजण्याआधी काचनळीतील बुडबुडा मध्यावर आणून यंत्र समपातळीत आणावे लागे. चक्र कलले, तर कोन चुके आणि ती चूक पुढील त्रिकोणांत उतरे.

३/ १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण तेथेच शिकले. त्याच वर्षी मुंबई सरकारने प्राचीन वास्तूंच्या छायाचित्रणासाठी कॅप्टन थॉमस बिग्ज यांना नेमले.

४/ काम सोपे नव्हते. काळ्या कापडाखाली, घासलेल्या काचेवर दृश्य उलटे दिसे. काचेच्या निगेटिव्हवर कागद ठेवून त्याच आकाराची प्रत काढीत. चित्र कलले, तर प्रतीच्या कडा कापण्यावाचून उपाय नसे.

५/ हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नव्हता. चित्रात भिंत झुकलेली दिसली, तर पाया खचला की कॅमेरा कलला? क्षितिजाचा भरवसा नसेल, तर छायाचित्राची साक्षही डळमळते.

६/ मुंबईत समुद्ररेषा मदतीला असे. मारेगावसारख्या टेकड्यांच्या मुलखात ती सोय नाही. डोंगराची धार मुळातच उतरती असू शकते. तिलाच क्षितिज मानून कॅमेरा लावला, तर झाडे आणि देवळाचे शिखर कलंडते. तेथे डोळा फसतो. गुरुत्वाकर्षण फसत नाही.

७/ गवंड्याला हे ठाऊकच असते. भिंत उभी आहे की नाही हे तो ओळंब्याने पाहतो आणि थर आडवा आहे की नाही हे पाणसळीने. तिपाईवरील कॅमेऱ्यालाही हाच बुडबुडा लाभला.

८/ आज मोबाइलच्या पडद्यावर समपातळीची रेषा दिसते. तिच्यामागे बुडबुडा नाही; गुरुत्वाची दिशा ओळखणारा सूक्ष्म संवेदक आहे. साधन बदलले, साक्षीदार तोच राहिला. हिंगणघाटला विसावलेल्या त्या सर्वेक्षकाचाही भरवसा याच साक्षीदारावर होता.