दोन जन्मांची आगबोट

इरावती नदीत उन्हाळ्यात बोट चालवायची तर नाळेवर एक माणूस बांबू घेऊन उभा राहतो. बांबूवर रंगाचे पट्टे असतात. तो पाण्यात बांबू खुपसतो, ठाव लागला की आकडा ओरडून सांगतो आणि सुकाणूवरचा सारंग त्या हाकेवर बोट वळवतो. दर पावसाळ्यात पूर येतो, वाळूचे पट्टे जागा बदलतात आणि गेल्या वर्षीची वाट यंदा उरत नाही. म्हणून त्या त्या टप्प्याची नदी ओळखणारा स्थानिक वाटाड्या बोटीवर घ्यावा लागतो. ब्रह्मदेशातल्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या, इरावती फ्लोटिला कंपनीची आणि तिच्या नावाने पुन्हा उभ्या राहिलेल्या ‘पांडॉ’ या नदीपर्यटन संस्थेची वाटचाल समजून घ्यायची, तर सुरुवात या बांबूपासूनच करायला हवी.

ग्लासगोचे भांडवल, चितगावचे खलाशी

१८५२ च्या दुसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर दक्षिण ब्रह्मदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. सैन्य वाहून नेण्यासाठी आणलेल्या सरकारी बोटी पुढे विकायला निघाल्या. त्या घेऊन १८६५ मध्ये रंगूनला ही कंपनी सुरू झाली. मागे भांडवल आणि व्यवस्थापन स्कॉटलंडमधल्या व्यापाऱ्यांचे होते. बोटी क्लाइड नदीकाठच्या डंबार्टनला डेनी यांच्या गोदीत बांधल्या जात. तिथे जोडलेली बोट सुटी करून रंगूनला आणायची आणि पुन्हा जोडायची, अशी पद्धत होती. बोटींवरचे सारंग आणि खलाशी मात्र बहुतांशी चितगावचे.

१९२० च्या दशकात कंपनीकडे सहाशेहून अधिक लहानमोठी जहाजे होती आणि वर्षाला सुमारे ९० लाख प्रवासी त्यांतून ये-जा करत. खाजगी मालकीचा एवढा मोठा ताफा तेव्हा जगात दुसरा नव्हता. ‘सियाम’ वर्गातल्या चाकाच्या आगबोटी ३२६ फूट लांब होत्या आणि डेकवर ४,२०० उतारू घेण्याचा त्यांना परवाना होता. एवढी अवजड बोट उथळ पाण्यात चालायची, कारण तिचा तळ सपाट होता. मंडालेच्या वर भामोपर्यंत ‘बाजार बोटी’ जात. डेकवर दुकाने मांडलेली असत. बोट काठाला लागली की गावकरी चढत, खरेदी-विक्री करत आणि उतरत. रस्ते नव्हते त्या मुलखात बाजारच नदीतून गावाला भेटायला येई.

राजाची शेवटची जलयात्रा

या कंपनीच्या इतिहासातले एक पान थेट महाराष्ट्रात उघडते. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनवर, सागवान नेताना कर बुडवल्याच्या आरोपावरून मंडालेच्या ब्रह्मी राजदरबाराने २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त मिळाले. नोव्हेंबर १८८५ मध्ये जनरल प्रेंडरगास्टची फौज फ्लोटिलाच्या बोटींतून नदीने वर गेली आणि पंधरवड्याच्या आसपास सगळे संपले. राजा थिबा आणि राणी सुपयालत यांना राजवाड्यातून बैलगाडीत बसवून घाटावर आणले आणि ‘थुरिया’ नावाच्या आगबोटीत चढवले. थुरिया म्हणजे सूर्य. पुढे रंगून, मद्रास आणि १८८६ मध्ये रत्नागिरी. डिसेंबर १९१६ मध्ये राजा तिथेच वारला. रत्नागिरीचा थिबा पॅलेस आणि राजाची समाधी आजही तिथे आहेत. मंडाले म्हटले की आपल्याला टिळकांचा तुरुंगवास आठवतो, पण त्याआधी मंडालेचा राजा आपल्या कोकणात बंदी होता. गावोगावी बाजार नेणारा तोच ताफा परक्या सत्तेचा हातही होता. वाटचाल लिहिताना हे झाकून ठेवणे योग्य नाही.

बुडवलेला ताफा

१९४२ च्या उन्हाळ्यात जपानी फौजा उत्तरेकडे सरकू लागल्या. शत्रूच्या हाती बोटी लागू नयेत म्हणून कंपनीचे व्यवस्थापक जॉन मॉर्टन यांच्या आदेशाने ताफ्यातली बहुतेक जहाजे तळाला भोके पाडून बुडवण्यात आली. ज्यांनी आयुष्यभर ती जपली, त्यांनीच ती बुडवली. युद्धानंतर काही नव्या बोटी बांधल्या गेल्या. १९४७ मध्ये स्कॉटलंडच्या यॅरो गोदीत बांधलेली ‘पांडॉ’ त्यांपैकीच एक. पण १९४८ मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि उरलेला ताफा सरकारी अंतर्गत जलवाहतूक खात्याकडे गेला. पहिला जन्म इथे संपला.

पुन्हा पाण्यावर

दुसऱ्या जन्माचे श्रेय पॉल स्ट्रॅकन या स्कॉटिश अभ्यासकाला जाते. बागानच्या प्राचीन मंदिरांवर त्यांनी ग्रंथ लिहिला होता आणि ब्रह्मदेशाविषयीची पुस्तके ते प्रकाशित करत. १९९५ मध्ये त्यांनी इरावती फ्लोटिला हे जुने नाव पुन्हा वापरात आणले आणि पर्यटकांना घेऊन नदीवर सफरी सुरू केल्या. सरकारी ताफ्यात झिजत असलेली जुनी ‘पांडॉ’ त्यांनी मिळवली, सागवान आणि पितळेने नव्याने सजवली आणि १९९८ पासून ती प्रवासी नेऊ लागली.

त्याच सुमारास ऱ्हाइन नदीवरचे एक मोठे जहाजही पर्यटनासाठी इरावतीवर आले होते. ‘पांडॉ’ संस्थेने वेगळा रस्ता धरला. नव्या बोटीही तिने जुन्याच मापावर बांधल्या: सपाट तळ, थोड्या खोल्या, खोलीचे दार उघडले की समोर डेक आणि नदी. अशा बोटीला काठावर बांधलेल्या धक्क्याची गरज नसते. संध्याकाळ झाली की ती काठाला टेकते, खलाशी दोर घेऊन उडी मारतात, झाडाला किंवा खुंटाला बांधतात आणि एक फळी टाकली की प्रवासी थेट गावात. म्हणूनच यांदाबोसारखे कुंभारांचे गाव सफरीत येऊ शकले. १८२६ मध्ये पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचा तह याच गावात झाला होता आणि आजही तिथे मातीची मडकी घडतात.

या टप्प्यावर एक कठीण प्रश्न संस्थेपुढे होता. १९९६ हे लष्करी राजवटीने पर्यटन वर्ष म्हणून साजरे केले, आणि आंग सान सू ची यांच्या पक्षाने परदेशी पर्यटकांना न येण्याचे आवाहन केले. पुढे बरीच वर्षे हा वाद चालला. संस्था थांबली नाही. तिने घेतलेला निर्णय सर्वांना पटेल असा नव्हता. पण मे २००८ मध्ये नर्गिस चक्रीवादळाने इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात एक लाखाहून अधिक माणसे मारली, तेव्हा पर्यटकांची बोट औषधे आणि डॉक्टर घेऊन त्या खाड्यांत शिरली. जिथे रस्ता नव्हता तिथे उथळ तळाची बोट पोहोचली. त्या मदतकार्यातूनच बागान परिसरात गावकऱ्यांसाठी मोफत दवाखाने उभे राहिले.

मेकाँग, आणि नदीचा हट्ट

२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच संस्था मेकाँगवर गेली. व्हिएतनाममधल्या सायगॉनहून कंबोडियातल्या अंकोरपर्यंतची सफर तिने लोकप्रिय केली. तिथे नदीचा वेगळाच स्वभाव. पावसाळ्यात मेकाँग एवढी फुगते की टोनले साप नदीचा प्रवाह उलटा वाहू लागतो आणि तिचे सरोवर कित्येक पटींनी पसरते. पाणी ओसरले की बोट अंकोरजवळच्या सिएम रिअप शहरापर्यंत जात नाही, शेवटचा टप्पा बसने करावा लागतो. लाओसमधल्या खडकाळ, वेगवान मेकाँगसाठी २०१५ मध्ये अवघ्या दहा खोल्यांची बोट बांधली गेली. ताफा डझनाच्या पुढे गेला, तरी संस्थेने मोठी बोट बांधून नदीला आव्हान दिले नाही. नदी बदलली की बोट बदलली.

२०२० मध्ये महासाथीने सफरी थांबल्या. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि ताफ्याच्या मूळ घराचे दारच बंद झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संस्थेने काम बंद केल्याचे जाहीर केले. २०२२ मध्ये नवे भांडवल मिळाले आणि मेकाँगवर बोटी पुन्हा सुटल्या.

आपल्या नद्यांसाठी

भारतातही ही वाट आता रुळते आहे. २००३ पासून आसाम बंगाल नॅव्हिगेशन कंपनीच्या लहान बोटी ब्रह्मपुत्रेवर प्रवासी नेत आहेत. १३ जानेवारी २०२३ ला वाराणसीहून निघालेले ‘गंगा विलास’ ३६ प्रवाशांची सोय असलेले, ६२ मीटर लांबीचे जहाज. सुमारे ३,२०० किलोमीटर कापून ते फेब्रुवारीअखेर दिब्रुगडला पोहोचले. गंगा आणि ब्रह्मपुत्रा याही गाळाच्या, पात्र बदलणाऱ्या नद्या आहेत. त्यांच्यावर पर्यटन उभारणाऱ्यांनी इरावतीचा धडा गिरवावा: नदी खोदून बोटीजोगी करण्यापेक्षा बोट नदीजोगी बांधावी, आणि काठावरच्या माणसाला बोटीवर आणि व्यवहारात जागा द्यावी. सहाशे जहाजांचा बहुतेक ताफा एका उन्हाळ्यात पाण्याखाली गेला. टिकून राहिली ती उथळ पाण्यात चालणारी बोट आणि ती चालवण्याचे ज्ञान.

वाचकांपैकी कुणी अशा सफरीचा बेत करत असेल, तर खोलीचे छायाचित्र पाहण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: बोट किती पाण्यात चालते आणि ती ज्या गावांना थांबते त्या गावांच्या हाती काय पडते. आणि निघण्यापूर्वी रत्नागिरीला जाऊन थिबा राजाच्या समाधीपाशी क्षणभर उभे राहा. इरावतीवरचा त्याचा शेवटचा प्रवास याच ताफ्याच्या बोटीतून झाला होता.