आरेखनापासून वास्तुरचनेपर्यंत : पलूस परिसराच्या निमित्ताने

पलूसजवळच्या कुंडल रोड स्थानकालगत, औंध संस्थानाने दिलेल्या निवडुंगाने व्यापलेल्या माळावर 1910 मध्ये उभी राहिलेली किर्लोस्करवाडी नांगराच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असली, तरी तिच्या संस्थापकाची वाटचाल आरेखनाच्या, म्हणजे मोजमापी चित्रांच्या, व्यवसायाचा इतिहासही सांगते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकलेसाठी गेले. परंतु रंगांधत्वामुळे ती वाट खुंटल्यावर यांत्रिक आरेखन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले. कागदावर यंत्राचा छेद अचूक काढणारा हात पुढे कारखाना आणि कामगारवस्तीही उभारू शकला, ही बाब केवळ योगायोगाची मानता येत नाही.

याच कलाशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आरेखकांचे वर्ग सुरू झाले. प्रारंभी तेथून बाहेर पडणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा इतरांच्या कल्पनांचे नकाशे काढण्याची नोकरीच येई. मात्र माजी विद्यार्थ्यांनी 1917 मध्ये स्थापलेल्या संघटनेतून 1929 मध्ये भारतीय वास्तुविशारद संस्था आकारास आली आणि आरेखकाला स्वतंत्र व्यावसायिकाची प्रतिष्ठा मिळू लागली. 1972 च्या वास्तुविशारद अधिनियमाने नोंदणी, म्हणजे अधिकृत यादीतील नाव, सक्तीची केली. तथापि सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निर्णयानुसार हे संरक्षण ‘वास्तुविशारद’ या पदवीनामापुरते आहे. इमारतीचा आराखडा करण्यास नोंदणी नसलेल्यांना हा अधिनियम मनाई करत नाही.