तीन महिन्यांची नोटीस

सोसायटीच्या नोटीस बोर्डावरून एकदाही भांडण झालं नाही अशी इमारत मी तरी अजून पाहिलेली नाही. कुणीतरी मेंटेनन्सच्या हिशोबावर चार प्रश्न लिहून कागद लावतो आणि रात्रीतून तो कागद गायब होतो. मग बोर्डाला काच बसते, काचेला कुलूप लागतं आणि किल्ली जाते सेक्रेटरीकाकांकडे. पुढची सहा महिने पार्किंगमध्ये एकच चर्चा: बोर्ड नक्की कुणाचा, कमिटीचा की सभासदांचा?

मला पूर्वी वाटायचं, रिटायर्ड लोकांना वेळ घालवायला काहीतरी हवं, म्हणून हे चालतं. पण मी मूळचा चंद्रपूरचा. आमच्या भागातल्या जंगलांचे कायदे वाचायला घेतले आणि लक्षात आलं की प्रकरण इतकं फालतू नाही. बोर्डावरचा कागद नुसती माहिती देत नाही, तो एक घड्याळ सुरू करतो. आपल्या भाषेत सांगायचं तर टायमर. वार्षिक सभेची नोटीस 14 दिवस आधी लागली पाहिजे. सभासद नॉमिनी न नेमता वारला, तर आदर्श उपविधींप्रमाणे पेपरात आणि संस्थेच्या फलकावर नोटीस देऊन वारसांचे दावे-हरकती मागवायच्या. ठरल्या मुदतीत कुणी बोललं नाही, की पुढची गाडी चालू. (2019 च्या कायदादुरुस्तीने यासाठी मृत्युपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा कुटुंबातल्या वाटणीचा कागद मागायला सुरुवात केली. म्हणजे नुसत्या फलकावर कायद्याचाही भरवसा उरला नाही म्हणा ना!)

आता हेच घड्याळ फ्लॅटऐवजी अख्ख्या जंगलाला लावून बघा.

1927 चा भारतीय वन कायदा. त्याचा साचा 1878 च्या कायद्यातून आलेला. सरकारला एखादं जंगल राखीव करायचं असेल, तर आधी अधिसूचना निघते. मग वन जमाबंदी अधिकारी आजूबाजूच्या प्रत्येक गावात स्थानिक भाषेत जाहीरनामा प्रसिद्ध करतो: या सीमेतलं जंगल राखीव होणार आहे, कुणाचा काही हक्क असेल तर लेखी द्या नाहीतर समक्ष येऊन सांगा. मुदत किमान तीन महिने. हे कलम 6. पुढे कलम 9 म्हणतं, ज्या हक्काचा दावा आला नाही आणि चौकशीतही जो कळला नाही, तो हक्क संपला. अंतिम अधिसूचनेच्या आधी उशिराचं पुरेसं कारण पटवून दिलंत तर ठीक.

कागदावर किती न्याय्य वाटतं ना? सगळ्यांना कळवलं, सगळ्यांना वेळ दिला. पण तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीत (गडचिरोली 1982 मध्ये वेगळा झाला), "स्थानिक भाषा" म्हणजे कोणती? कचेरीतली मराठी, की घरात बोलली जाणारी गोंडी, माडिया? कागद वाचणार कोण? कोतवालाने मुनादी दिली तरी मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईला ती ऐकू कशी जाणार? आणि मुख्य म्हणजे, पिढ्यान्‌पिढ्या ज्या जंगलातून बांबू, मध, मोह आणला, त्यावर "माझा हक्क आहे" असा दावा करायचा असतो हे तिच्या डोक्यात तरी कशाला येईल? आपल्या स्वयंपाकघरावर कुणी दावा दाखल करतो का?

म्हणजे डीफॉल्ट व्हॅल्यू होती "हक्क नाही". गप्प राहिलात की गेलात.

हा प्रकार नुसत्या जंगलापुरता नाही. चंद्रपूर म्हणजे कोळसा. 1957 च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्यात संपादनाला हरकत घ्यायला मुदत आहे 30 दिवस, आणि ती मोजायची राजपत्रातली अधिसूचना निघाल्यापासून. राजपत्र म्हणजे असा नोटीस बोर्ड, जो गावातल्या कुणाच्याच रोजच्या वाटेवर नाही.

2006 चा वनहक्क कायदा इथे वेगळा ठरतो. त्याच्या 2008 च्या नियमांत पुन्हा तीन महिन्यांचीच मुदत आहे. कायदा करणाऱ्यांनी मुद्दाम तीच ठेवली की कसं, देव जाणे, पण बाकी सगळं उलटं केलं. दावे मागवते ग्रामसभा, म्हणजे बोर्डाची किल्ली गावाकडे. मुदत कमी पडली तर कारण नोंदवून ग्रामसभाच ती वाढवू शकते. 2012 च्या दुरुस्तीनंतर सभेला किमान निम्मे सदस्य हजर लागतात, आणि त्या हजर लोकांत किमान एक तृतीयांश बायका. ग्रामसभेचा ठराव वरच्या समितीने फेटाळला किंवा बदलला, तर ते दावेदाराला समक्ष कळवायचं. कचेरीच्या भिंतीवर चिकटवून भागत नाही.

याचा उपयोग करून धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरीही बांबू विकायला वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडायला एप्रिल 2011 उजाडला, तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला 2012 मध्ये सुमारे 1000 हेक्टर मिळालं. तिथल्या लोकांनी जंगलाचे नियम स्वतः ठरवले, आणि हातातला पैसा सोडून तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. मेंढ्यात निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. एक माणूस अडला तरी चर्चा पुढे चालू. आपल्या कमिट्यांना हे ऐकून घाम फुटेल :)

असो. मुद्दा एवढाच की सेक्रेटरीकाकांशी कुलपावरून वाद घालणारा माणूस दिसतो तितका येडा नसतो. पण त्याने फक्त किल्ली मागून उपयोग नाही. खरे प्रश्न तीन आहेत: कागद कोण लावू शकतं, मुदत कुठल्या दिवसापासून मोजायची, आणि कुणी काहीच बोललं नाही तर त्याचा अर्थ काय धरायचा. पहिल्या दोनांवर सगळेच भांडतात. तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, आणि आमच्याकडच्या कित्येक गावांचं जंगल त्या तिसऱ्या प्रश्नावरच गेलं.

पुढच्या वार्षिक सभेत एक साधा ठराव मांडून बघा. बोर्डावरच्या प्रत्येक कागदावर लावणाऱ्याचं नाव आणि लावल्याची तारीख हवी. आणि ज्या नोटिशीने कुणाचा हक्क जाऊ शकतो, ती त्या माणसाच्या हातात देऊन सही घ्यायची. परगावी असेल तर फोन करायचा, स्पीड पोस्टाने पाठवायची. सेक्रेटरीला दहा मिनिटांचं काम जास्त पडेल. पडू दे की.