शाळेचे दार आणि एक सरकारी आदेश

पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या छोट्या देशात २०१४ साली इबोलाची साथ पसरली आणि सुमारे नऊ महिने शाळा बंद राहिल्या. घरातील कर्ती माणसे दगावली, मुली निराधार झाल्या. अत्याचार, फसवणूक व दारिद्र्य यांतून कितीतरी मुलींवर अकाली मातृत्व लादले गेले. १४ एप्रिल २०१५ रोजी शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा या मुलींना मात्र दार बंद होते. गर्भवती विद्यार्थिनींना वर्गात बसता येणार नाही, परीक्षाही देता येणार नाही, असे शिक्षण खात्याने ठरवले होते. कारण सांगितले गेले ते असे, की त्यांच्या सहवासाने इतर 'निष्पाप' मुली बिघडतील! काही शाळांत तर मुलींची पोटे चाचपून पाहिली गेली. ज्या पुरुषांमुळे हे घडले, त्यांच्याविषयी या बंदीत अवाक्षरही नव्हते.

पुढे टीका वाढली, तेव्हा 'पर्यायी व्यवस्था' निघाली. या मुलींसाठी स्वतंत्र वर्ग भरू लागले. पण आठवड्यातून तीनच दिवस, आणि तेही मोजक्या विषयांचे. हयातभर सरकारी नोकरी केल्यामुळे 'पर्यायी व्यवस्था' हा शब्द आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. तो वापरला की फाइल मिटते आणि सही करणाऱ्याचे मनही निर्धास्त होते. अन्याय मात्र जागच्या जागी राहतो.

म्हणूनच १२ डिसेंबर २०१९ चा निकाल आम्हांस महत्त्वाचा वाटतो. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या आर्थिक समुदायाच्या न्यायालयाने ही बंदी भेदभावाची ठरवून ती उठवण्याचा आदेश दिला. एवढ्यावर न थांबता, ते वेगळे वर्ग हाही भेदभावच आहे, असे न्यायालयाने बजावले. ३० मार्च २०२० रोजी सरकारने बंदी मागे घेतली. दैवयोग असा, की नेमक्या त्याच सुमारास कोरोनामुळे शाळा पुन्हा बंद झाल्या. तरी या वेळी दार सर्वांसाठी सारखेच मिटले होते, आणि उघडणार होते तेही सर्वांसाठीच.

या दोन तारखांच्या मधली पाच वर्षे मात्र कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही. पंधराव्या वर्षी हुकलेली परीक्षा अनेकींच्या बाबतीत कायमचीच हुकते. आदेश रद्द करण्यास एक सही पुरते. त्या आदेशाने मोडलेले आयुष्य सांधण्यास ती पुरत नाही. सही करणाऱ्या प्रत्येक हाताने, मग तो कोणत्याही देशातील असो, एवढे स्मरण ठेवावे.