पारध आणि प्रतिमा

रानपक्ष्याजवळ जाण्याची विद्या माणसानें प्रथम हस्तगत केली ती पारधीसाठीं. वाऱ्याची दिशा ओळखणें, पाय न वाजवितां चालणें, दिवस उगवण्यापूर्वींच पाणवठ्यावर दबा धरून बसणें, हें सारें शास्त्र मूळचें पारध्याचें. पुढें ज्यांनीं कॅमेरा हातीं घेतला त्यांनीं तें जसेंच्या तसें उचललें. शेवटची क्रिया तेवढी बदलली. या बदलाचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण त्यापासून आज घेण्याजोगा बोधही आहे, म्हणून तो थोडक्यांत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एकोणिसाव्या शतकांतील पक्षिशास्त्र हें बहुतांशीं मेलेल्या पक्ष्यांचें शास्त्र होतें. पक्षी मारावा, त्याचें कातडें भरून ठेवावें, पंख मोजावे, अंडीं पोकळ करून पेटींत मांडावीं, अशी त्या काळची रीत. राष्ट्रसभेच्या स्थापनेंत ज्यांचा पुढाकार होता त्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनीं हिंदुस्थानांत जमविलेला कातड्यांचा व अंड्यांचा प्रचंड संग्रह १८८५ सालीं लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे गेला. सालिम अली यांनाही पक्षिशास्त्राची वाट सांपडली ती बालपणीं स्वतः टिपलेल्या एका चिमणीमुळें. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणत्या जातीची हें विचारण्यासाठीं ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले, आणि तेथून त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. तेव्हां बंदुकीस नांवें ठेवतांना तिच्यामुळें मिळालेलें ज्ञान नाकारतां येणार नाहीं.

दुसरी वाट दाखविली ती यॉर्कशायरमधील स्वेलडेल खोऱ्यांत वाढलेल्या रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनीं. १८९२ च्या एप्रिलांत त्यांनीं थ्रश पक्ष्याच्या घरट्याचें, आंतील अंड्यांसह, छायाचित्र घेतलें. १८९५ त ब्रिटनमधील पक्ष्यांच्या घरट्यांवर त्यांचें सचित्र पुस्तक निघालें, आणि त्यांतील चित्रें प्रत्यक्ष स्थळीं कॅमेऱ्यानें घेतलेलीं होतीं. कांचेच्या जड तबकड्या, प्रकाशास सावकाश दाद देणारें रसायन आणि सकाळचा अपुरा उजेड, एवढ्या अडचणी. पक्षी जवळ आला तरी क्षणभर निश्चल राहील तरच त्याचें चित्र उमटे. जवळ जातां यावें म्हणून या बंधूंनीं बैलाचें कातडें पोकळ सांगाड्यावर चढविलें आणि त्यांत शिरून ते तासन्‌तास उभे राहूं लागले. एकदां हा बैल आंतल्या भावासह कलंडला व चारी पाय आभाळाकडे करून पडला! ही हकीकत वाचून आज हसूं येतें. परंतु जिवंत पक्षी त्याच्या घरीं, त्याच्या व्यवहारांत पाहतां येतो, आणि पाहिल्याचा पुरावाही देतां येतो, हें जगास पटविण्यांत या खटाटोपाचा वांटा मोठा आहे.

हा पालट एकाच भूमीवर पाहावयाचा असेल तर राजस्थानांतील भरतपुरास जावें. तेथील राजांनीं सखल जमिनीस बांध घालून व अजान बांधाचें पाणी आणून केवलादेवाच्या देवळाभोवतीं विस्तीर्ण पाणथळ निर्माण केली, आणि पुढें ती बदकांच्या शिकारीसाठीं राखली. १९०२ पासून तेथें बड्या पाहुण्यांसाठीं शिकारी होऊं लागल्या. १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारींत एका दिवसांत ४,२७३ पक्षी पडले. देवळाजवळच्या शिलालेखावर हे आंकडे कोरलेले आहेत; धर्मशाळेंत देणगीदारांच्या रकमा कोराव्या तसे!

पुढें काळ पालटला. सालिम अलींनीं या स्थळाच्या रक्षणासाठीं खटपट केली. १९५६ त तेथें पक्ष्यांचें अभयारण्य झालें व १९८५ त त्याची गणना जागतिक वारशांत झाली. जेथें बंदुका रांगेनें रोखलेल्या असत, तेथें आतां पौष-माघाच्या कडाक्यांत, सूर्य धुक्याआड असतां, माणसें कॅमेरे सरसावून उभीं राहतात. बोटें बधिर होतात, भिंगावर दंव धरतें, तरी कोणी हलत नाहीं. पक्षी सकाळींच चरावयास निघतात आणि कोंवळा तिरपा उजेड पीसन्‌पीस उजळून दाखवितो, हें त्यांस ठाऊक असतें.

परंतु एवढ्यावर समाधान मानणें बरें नव्हे. सायबेरियांतील ओब नदीच्या खोऱ्यांतून हजारों किलोमीटर उडून शुभ्र सायबेरियन क्रौंच येथें दर हिंवाळ्यास येत. १९६० नंतरच्या दशकांत ते सुमारें २०० होते. २००१-०२ च्या हिंवाळ्यांत अवघी एक जोडी आली, आणि त्यानंतर एकही नाहीं. भरतपुरांत त्यांच्यावर बंदूक धरणारें कोणी उरलें नव्हतें. वाटेवरील देशांत त्यांची शिकार होतच राहिली, आणि उतरावयाच्या पाणथळीही आटत गेल्या. त्यांचीं छायाचित्रें मात्र विपुल आहेत. आदिकवीच्या मुखांतून पहिला श्लोक निघाला तो क्रौंचवधाच्या शोकांतून, असें आपली परंपरा सांगते. तेथें जोडींतील एक पक्षी पडतांच कवीचें हृदय हललें. आम्ही मात्र शेवटची जोडी गेल्यावर डोळे पुसतों.

शिवाय कॅमेरा स्वभावतःच निरुपद्रवी आहे असेंही नाहीं. चित्र नीट यावें म्हणून घरट्यापुढील डाहाळी कोणी छाटली, तर तेथें ऊन शिरतें आणि कावळ्याची नजरही. मादी भिऊन दूर राहिली तर पिलें उपाशीं मरतात. कीर्टन बंधूंनीं बैलाच्या कातड्यांत उभें राहून सोसलें तें पक्ष्यानें निर्धास्त राहावें म्हणून. त्यांचा हा धडा आज हातोहातीं कॅमेरा असतां अधिकच जपला पाहिजे. थंडीच्या पहाटे तळ्यावर गेलेल्या माणसानें पक्षी उडण्यापूर्वीं मागें फिरावें, चित्रासोबत तिथि व स्थळ टिपून ठेवावें, आणि त्या तळ्यांत पुढील वर्षीं पाणी राहील कीं नाहीं याचीही चौकशी करावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.