अंधारातील वस्तुचित्र



ज्या चित्रकला-शिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांचा मी विद्यार्थी. जन्मभर मराठी साहित्य शिकविणाऱ्याने छायाचित्रणाच्या इतिहासावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या विषयाचा पहिला पाठ मी इंदूरच्या याच वास्तूत, १९६३ च्या पावसाळ्यात घेतला.

एका शनिवारी सायंकाळी सरांनी वर्गाच्या खिडक्यांवर काळे कापड लावले. टेबलावर पितळी तांब्या, दोन पेरू आणि एक पंचा मांडला. कॅमेरा स्टँडवर बसविला, दिवे मालविले, शटर उघडे ठेवले आणि हातात विजेरी घेऊन ते टेबलाभोवती सावकाश फिरू लागले. मी अंधारात ठेचकाळून थेट कॅमेऱ्यासमोर गेलो. आता सारे बिघडले, या भीतीने मला रडू कोसळले. सर म्हणाले, "अरे, तुझ्यावर उजेड कुठं पडला? ज्याच्यावर उजेड नाही, तो फोटोत येत नाही." पुढे फिल्म धुऊन आली, तेव्हा तांब्याची कड आणि पंचाच्या सुरकुत्या उजळून आल्या होत्या. माझा मागमूस नव्हता. सरांचाही नव्हता, पण हे दुसरे माझ्या ध्यानी यायला पुष्कळ वर्षे जावी लागली.

आपण 'छायाचित्र' म्हणतो. ग्रीक धातूंपासून बनलेल्या 'फोटोग्राफी' या शब्दाचा अर्थ मात्र प्रकाशाने लिहिणे असा आहे. एका नावाने सावली ध्यानात ठेवली, दुसऱ्याने उजेड. सरांच्या त्या प्रयोगात दोन्ही नावे सार्थ झाली होती.

या कलेचा जन्मच मुळी दीर्घ प्रतीक्षेतून झाला. फ्रान्समध्ये निसेफोर नीप्सने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकीतून टिपलेल्या दृश्याला कित्येक तास लागले. त्यामुळे समोरासमोरच्या भिंतींवर सकाळचे आणि दुपारचे ऊन एकाच चित्रात दिसते. दागेरने १८३७ मध्ये प्लास्टरच्या मूर्ती आणि वेताने मढविलेली बाटली यांचे चित्र घेतले. वस्तू हलत नाहीत, हे तिच्यापुढे बसणाऱ्या माणसापेक्षा तिचे मोठेच सामर्थ्य होते. त्याच दागेरने १८३८ मध्ये पॅरिसचा एक गजबजलेला रस्ता टिपला, तो निर्मनुष्य भासतो. चालणारे सारे पुसले गेले. बूट पॉलिश करवून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ मात्र उरला.

सूर्य जिथे पोहोचत नाही तिथे काय करावे, हा पुढचा प्रश्न. नादार १८६१ मध्ये विजेचे दिवे घेऊन पॅरिसच्या भुयारी अस्थिगृहात उतरला. एकेका चित्राला अठरा-अठरा मिनिटे लागत. इतका वेळ जिवंत माणूस स्तब्ध उभा राहणे अशक्य, म्हणून मजुरांच्या जागी त्याने कपडे चढविलेले पुतळे उभे केले. रचून ठेवलेल्या कवट्यांना अर्थातच अशी अडचण नव्हती.

नादारचा दिवा एका जागी असे. दिवा हलू लागला, तेव्हा नवी वाट फुटली. मारे आणि त्याचा सहकारी देमेनी यांनी १८८९ मध्ये माणसाच्या सांध्यांवर छोटे दिवे बांधून चालण्याच्या रेषा टिपल्या. अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ यांनी १९१४ च्या सुमारास कामगारांच्या हातांच्या हालचाली याच रीतीने अभ्यासिल्या. मॅन रे याने १९३५ मध्ये स्वतःपुढेच प्रकाशाची वेटोळी काढली. त्यांत त्याची स्वाक्षरी दडलेली आहे, हे २००९ मध्ये उघडकीस आले. १९४९ मध्ये जॉन मिली याने पिकासोच्या हाती छोटा दिवा दिला आणि पिकासोने हवेत चित्रे रेखाटली. पिकासो स्वतः त्यांत दिसतो, तो क्षणभर चमकविलेल्या फ्लॅशमुळे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. या साऱ्या प्रयोगांत दिव्याचे तोंड कॅमेऱ्याकडे आहे; उजेड स्वतःचीच रेघ ओढतो. वस्तुचित्रात मात्र दिवा कॅमेऱ्यापासून लपवायचा आणि उजेड वस्तूवर टाकायचा. सर त्यासाठी विजेरीला काळ्या कागदाची नळी लावीत. उजेड समोरून टाकला तर तांब्या चपटा दिसतो. कडेने, तिरपा फिरविला तर त्याच्या ठोक्यांचे खळगेही उठून येतात. विजेरी दुप्पट लांब नेली की उजेड चौथाई होतो, म्हणून तितकाच परिणाम साधायला चौपट वेळ द्यावा लागतो. हात एका जागी थांबला तर तेथे पांढरा डाग पडतो. म्हणजे येथे कुंचल्याचे काम उजेडच करतो, आणि तो कुठे किती वेळ रेंगाळला, यावरच चित्र ठरते.

आपल्या शहराचे या कलेशी नाते जुने आहे. लाला दीनदयाळ यांनी १८७० च्या दशकात येथेच, सरकारी बांधकाम खात्यात आरेखक असताना, कॅमेरा हाती घेतला. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. त्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले, हे योग्यच झाले. पण गावोगावच्या शाळांतून ज्यांनी ही कला मुलांपर्यंत नेली, त्यांची नोंद कोणी ठेवावी?

हा प्रश्न मी कोणाला दोष देण्यासाठी विचारीत नाही. दोषी मीच आहे. त्या तांब्याचा फोटो सरांनी मला दिला होता. मागे तारीख आणि 'चार मिनिटे' एवढेच लिहिले होते. प्राध्यापकीतील एका बदलीच्या धावपळीत तो माझ्याकडून हरवला. या पुस्तिकेसाठी सरांचे छायाचित्र हवे होते. आम्ही शाळेची कपाटे धुंडाळली. स्नेहसंमेलने, क्रीडामहोत्सव, पाहुणे, पारितोषिके, सारे सापडले. सर कोठेच नाहीत. ते सर्व फोटो त्यांनीच काढले होते.

तेव्हा माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपापल्या घरच्या जुन्या पेट्या एकदा उघडून पाहा. एखाद्या सहलीच्या फोटोत, मागच्या ओळीत, सर उभे असतील. सापडले तर प्रत शाळेकडे पाठवा आणि मागे नाव, साल लिहायला विसरू नका. पुढल्या वर्षीच्या पुस्तिकेत ते छापता यावे, एवढीच इच्छा व्यक्त करून आणि सरांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.