भाषासंपादन

भाषासंपादन : कोणी मुद्दाम न शिकवता, भोवतालच्या बोलण्यातून मूल आपली पहिली भाषा आत्मसात करते, ती प्रक्रिया. बोलणे निव्वळ अनुकरणाने येते ही समजूत रूढ असली, तरी मुलांच्या चुकाच ती अपुरी ठरवतात.

भाषेचे घटक : अर्थात भेद घडवणारा लहानात लहान ध्वनिघटक म्हणजे स्वनिम. ‘ताक’ आणि ‘टाक’ यांत फरक फक्त त-टचा आहे. म्हणून मराठीत हे दोन स्वतंत्र स्वनिम होत. अर्थ असलेला लहानात लहान घटक म्हणजे रूपिम. ‘घराला’मधील ‘ला’ हा त्यांपैकी एक. शब्द आणि अर्थ यांचे नाते रूढीने ठरते, हे फेर्दिनां द सोस्यूर (१८५७–१९१३) यांनी ठसवले.

टप्पे : नवजात बाळ आईचा आवाज ओळखते. दोन-तीन महिन्यांचे झाले की हुंकार देते, सहा-सात महिन्यांच्या सुमारास ‘बाबाबा’, ‘दादादा’ सुरू होते. याच काळात कान घरच्या भाषेला सरावतात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवले, की इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील त-ट वेगळे ऐकू येतात. वर्षाच्या आसपास बहुतेकांची ही क्षमता ओसरते. साधारण वर्षाला पहिला शब्द आणि दीड-दोन वर्षांत ‘बाबा भूर’, ‘दूदू दे’ अशी दोन शब्दांची वाक्ये येतात. ‘काका’ला ‘ताता’ म्हणणाऱ्या मुलाला मोठ्यांनी ‘ताता’ म्हटलेले अनेकदा खपत नाही. जिभेला न जमणारा फरक कानाला कळलेला असतो.

नियमांचा शोध : ‘बसलो’, ‘हसलो’ म्हणणारे मूल त्याच चालीवर ‘करलं’, ‘येलो’ म्हणते. घरात असे कोणी बोलत नाही. म्हणजे नियम मुलाने स्वतः शोधलेला असतो. आईचे ऐकून ‘मी जाते’ म्हणणारा मुलगाही पुढे लिंगाचा नियम पकडतो. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये ‘वग’ हा बनावट शब्द देऊन इंग्रजी बोलणाऱ्या मुलांकडून त्याचे अनेकवचन करवून घेतले आणि हीच गोष्ट सिद्ध केली.

उपपत्ती : बी. एफ. स्किनर यांनी १९५७ मध्ये भाषा ही सवय व प्रोत्साहन यांतून घडते असे मांडले. नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये त्यावर कडक टीका केली. त्यांच्या मते व्याकरणाची मूळ क्षमता जन्मजात असते. घरातील संवादावर भर देणारा तिसरा पक्षही आहे. एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ मध्ये भाषासंपादनाला वयाची मर्यादा असल्याचे प्रतिपादन केले.

भाषा केवळ वाणीवर अवलंबून नाही. खुणांची भाषा वापरणाऱ्या घरातले कर्णबधिर बाळ हातांनी बोबडे बोलते. कानावर किंवा डोळ्यांसमोर भाषा पडणे मात्र अनिवार्य असते. त्यामुळेच मूल बोलायला उशीर करते तेव्हा आधी त्याची श्रवणतपासणी करतात.